प्रात्यक्षिक

टोपीनं केदार माळगेला ‘कर्ता’ ठरवलं, तेव्हा सत्र न्यायालयाच्या त्या दालनात फक्त एकाच माणसाला धक्का बसला, आणि तो माणूस केदार नव्हता. केदार आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून मान डोलावत होता. धक्का बसला तो मागच्या बाकावर बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीला, वृषालीला. ज्या दुपारी केदारनं स्वतःच्या बायकोचा गळा ओढणीनं आवळला असं टोपी सांगत होती, त्या दुपारी तो वृषालीच्या घरी जेवून पंख्याखाली घोरत पडला होता, आणि वृषाली त्याच्या उशाशी बसून मटार सोलत होती.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण पायरी चढायची की नाही हे शहाण्याला विचारतो कोण? वृषाली गावात बायकांसाठी मोटार शिकवण्याची शाळा चालवायची. नवऱ्यापासून वेगळी झाली होती, मूलबाळ नव्हतं. भाऊ, भावजय मयूरी आणि त्यांची सहा वर्षांची ओवी एवढाच तिचा गोतावळा. मयूरी गेली, केदारला नेलं, आणि ओवी दप्तरासकट आत्याकडे राहायला आली. मयूरीच्या गळ्यातलं मंगळसूत्र घरातून गायब होतं, म्हणजे बाहेरचा कोणीतरी चोर आला असावा, असं वृषाली पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होती. पण टोपी असताना चोर कोण शोधत बसतो?

टोपी हे तिचं सरकारी नाव नव्हे. सरकारी नाव ‘अनुभवलेख चाचणी’. तारांनी भरलेली, मऊ रबराची टोपी डोक्यावर चढवतात म्हणून लोकांनी हे नाव पाडलं. सुरुवातीला ते ऐकून लोक हसायचे, कारण टोपी घालणं म्हणजे काय हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सहा-सात वर्षांत निम्मे तुरुंग तिच्या साक्षीवर भरले आणि हसणं बंद झालं.

यंत्रामागचं शास्त्र तसं सरळ होतं. माणसाला गोष्टी दोन तऱ्हेनं माहीत असतात. ऐकलेली, वाचलेली गोष्ट मेंदूत बहुतेक शब्दांच्या रूपात राहते. स्वतः केलेली गोष्ट मात्र वाटून ठेवलेली असते. हातांची हालचाल एका भागात, जागेचा नकाशा दुसऱ्या, वास तिसऱ्या, भीती चौथ्या. मेंदूत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा बोटाएवढा भाग असतो, तो या सगळ्यांची मोट बांधतो. आठवण जागी झाली की हे सारे भाग ठरावीक क्रमानं, पापणी लवायच्या आत पेटतात. टोपी हा क्रम टिपायची. माणसानं काही बोलायचंच नसे. तज्ज्ञ सपाट आवाजात वाक्यं वाचायचा, ‘मी दार उघडलं, मी ओढणी हातात घेतली,’ आणि माणूस नुसता बसून राहायचा. हात पेटले तर कर्ता, नुसते डोळे पेटले तर द्रष्टा, नुसते शब्द पेटले तर श्रोता.

न्यायाधीशांना टोपी फार आवडली. साक्षीदार फितूर होतात, पंच ऐनवेळी काही आठवत नाही म्हणतात, वकील वर्षानुवर्षं तारखा मागतात. टोपीला यातलं काही जमत नव्हतं. केदारनं अटकेच्या पहिल्याच दिवशी चाचणीला आपणहून संमती दिली होती. आपण काही केलं नाही तर घाबरायचं कशाला, असं तो तेव्हा म्हणाला होता.

वृषालीचीही चाचणी झाली. भाऊ आपल्याकडे जेवला, झोपला, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं असं टोपीनं मान्य केलं. ‘द्रष्टा’. सरकारी वकील उठले आणि अदबीनं म्हणाले, “मॅडम, भाऊ एक दिवसाआड बहिणीकडे जेवायला जात होता, हे त्या स्वतःच सांगतात. त्यांनी पाहिलं, मान्य. पण कोणत्या दिवशी पाहिलं? आठवणीला तारीख नसते.” न्यायाधीशबाईंनी ते वाक्य टिपून घेतलं. वृषालीची साक्ष तिथंच निकालात निघाली.

त्या संध्याकाळी ती तुरुंगात भेटीला गेली. मधे काच होती, कानाला फोन.

“अक्का, तू आता धावाधाव बंद कर,” केदार म्हणाला. “मीच केलंय.”

“येडा झालास काय? माझ्याकडं जेवायलतास की तू त्या वक्ताला. वांग्याची भाजी परत मागून घेतलीस.”

“ते मला आठवत नाही. दुसरं आठवतंय.” तो स्वतःच्या हातांकडे पाहत होता. “ओढणी दोनदा निसटली. तिनं माझ्या मनगटाला धरलं होतं. तिच्या केसांच्या तेलाचा वास येत होता. खोटं असतं तर वास आला असता का गं?”

“तू पहिल्या दिवशी नाही म्हणालतास. शपथ घेतलीस ओवीची.”

“पहिल्यांदा नव्हतंच आठवत. मग हळूहळू आठवलं.”

वृषालीला रडू कोसळलं. मयूरीसाठी इतके दिवस रडून झालं होतं, हे रडणं निराळंच होतं. भाऊ समोर जिवंत बसला होता आणि तरी तो हाती लागत नव्हता.

केदारसाठी तिनं केलेल्या वकील मंदाकिनी कुरणे. साठी ओलांडलेल्या, बचावपक्षात सगळी हयात गेलेल्या, आणि जिभेला मिरची लावूनच जन्मलेल्या. वृषालीनं भेटीतलं सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“हळूहळू आठवलं म्हणाला? हेच शब्द?”

“हेच.”

“अगं, खून काय पाढे आहेत का हळूहळू आठवायला?”

कुरणेबाईंनी पोलिसांच्या चित्रफिती मागवल्या. आपल्याकडे पोलिसांचा एक जुना शिरस्ता आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून ते आरोपीला घटनास्थळी नेतात आणि पंचांसमोर ‘कसं केलं ते दाखव’ म्हणतात. याला प्रात्यक्षिक म्हणतात. आता त्याचं चित्रीकरण सक्तीचं झालं होतं, आणि चित्रीकरण म्हटलं की ते नीट यायला हवं. केदारच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला एक पंच उशिरा पोचला, म्हणून ते पुन्हा घ्यावं लागलं. दुसऱ्या वेळी खिडकीतून ऊन कॅमेऱ्यावर येत होतं. तिसऱ्या वेळी केदार मधेच रडत खाली बसला. असं करत करत एकदाचं ते मनासारखं झालं. तपास अधिकारी शेडबाळे वाईट माणूस नव्हता. तो कोणाच्या अंगाला हात लावत नसे. काम नीटनेटकं करायचं एवढाच त्याचा बाणा होता. ‘असं नाही केदार, उजवा हात वर, आता मागं ओढ, तिचं तोंड दाराकडं होतं ना, मग तू इकडून ये,’ असं तो तालीम मास्तरच्या चिकाटीनं सांगताना चित्रफितीत ऐकू येत होता. मयूरीच्या वजनाचा पुतळा होता, त्याला तिचाच ड्रेस घातलेला होता. घर तेच, ओढणी तशीच, आणि केदार बायकोच्या मरणानंतर धड झोपलेलाही नव्हता, सांगतील तसं करत होता.

टोपी बनवणाऱ्यांनी आपल्या सूचनांत साफ लिहिलं होतं, की चाचणी आधी घ्यावी आणि आरोपीला घटनास्थळी मागून न्यावं. पण प्रयोगशाळेत चाचणीचा नंबर लागायला महिनोन्महिने जायचे, आणि प्रात्यक्षिक मात्र पहिल्याच आठवड्यात उरकायचं असा पोलिसांचा रिवाज. दोन्ही खाती आपापल्या जागी चोख होती. मधे कोणाच्या डोक्याचा भुगा होतोय हे पाहणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं.

मेंदूचे अभ्यासक डॉ. इनामदार कुरणेबाईंच्या ऑफिसात आले आणि त्यांनी वृषालीला समजावलं. “आठवण बाहेर काढली, की ती भिजवलेल्या कणकेसारखी मऊ पडते. तेवढ्या वेळात तिच्यात जे मिसळाल ते घेऊन ती परत घट्ट होते. केदारच्या डोक्यात ते घर, ती बायको, ते तेल, सगळं खरंच होतं. पोलिसांनी त्यात फक्त हाताची हालचाल मिसळली. आता ते वेगळं काढता येत नाही. टोपीला ती खरी आठवण वाटते, कारण तिच्या दृष्टीनं ती खरीच आहे.”

“कोर्टाला हे पटेल?” वृषालीनं विचारलं.

“नुसतं सांगून कोर्टाला काही पटत नाही,” कुरणेबाई म्हणाल्या. “दाखवावं लागतं.”

त्यांनी आधी आपल्या हाताखालच्या एका वकिलाला तयार केलं. त्यानं रिकाम्या खोलीत पुतळ्याचा गळा आवळण्याची तालीम केली आणि टोपी घातली. निकाल आला ‘श्रोता’. तो मयूरीला ओळखतच नव्हता, त्याच्यासाठी पुतळा पुतळाच राहिला. डॉ. इनामदार म्हणाले, की यासाठी ते घर अंगवळणी पडलेलं आणि मेलेल्या बाईवर जीव असलेलं माणूस हवं. त्यांना आणि कुरणेबाईंना रीतभात होती, नाव दोघांनीही घेतलं नाही.

“मी करते,” वृषाली म्हणाली.

“ते पुसता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “निदान आज तरी.”

“पण मला माहीत असेल ना, की मी केलं नाही म्हणून?”

“माहीत असेल. केदारलाही सुरुवातीला माहीत होतं.”

वृषालीनं ऐकलं आणि तरी मान डोलावली. आपला भाऊ मनानं हळवा आहे, आपण तशा नाही, असं तिला वाटलं. नवऱ्याला घराबाहेर काढणारी आणि भर चौकात ट्रकवाल्याला शिव्या देणारी बाई ती. एका रबरी बाहुलीला ती काय भिणार?

न्यायालयाच्या परवानगीनं आधी तिची चाचणी झाली. मयूरीच्या खुनाबद्दल ती ‘श्रोता’ निघाली. खुनाचं तिला जे माहीत होतं ते फक्त ऐकून होतं, हे नोंदलं गेलं. मग शेडबाळेलाच हुकूम झाला, की केदारचं घेतलंत तसंच प्रात्यक्षिक हिचंही घ्या, तितक्याच वेळा.

पहिल्या दिवशी शेडबाळेलाच संकोच वाटत होता. “ताई, माफ करा हं. तुम्ही दारातनं आत या. त्या ओट्याशी उभ्या आहेत. तुमच्या हातात ओढणी.” वृषालीला हसू आलं. पुतळ्याचा विग तिरका बसला होता. तिनं ओढणी टाकली, आवळली, हात झटकले. कुरणेबाईंच्या सूचनेवरून पुतळ्याच्या केसांना मयूरीचं तेल लावलेलं होतं. त्या वासानं मात्र तिला घेरी आली आणि तिनं ओट्याचा आधार घेतला.

दुसऱ्या वेळी ती हसली नाही. तिसऱ्या वेळी तिला पुतळा उबदार लागला, आणि तो मागं कलला तेव्हा ती “मयू, बास” असं काहीतरी पुटपुटली. पंचांपैकी एक जण उठून बाहेर गेला.

चौथ्या वेळी शेडबाळे नेहमीसारखा म्हणाला, “त्यांचं तोंड दाराकडं.”

“नाही,” वृषाली म्हणाली. “खिडकीकडं होतं.”

“केदारनं दाराकडं दाखवलं होतं, ताई.”

“खिडकीकडं होती ती. तिला मी दिसलेच नाही. दिसले असते तर वळली नसती का?”

शेडबाळेनं कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेरा चालूच होता. त्यानं पुतळा खिडकीकडे वळवून ठेवला, कारण काम नीट करायचं एवढंच त्याला ठाऊक होतं.

आधी प्रात्यक्षिकाची चित्रफीत आणि मग पुढची चाचणी भर न्यायालयात मोठ्या पडद्यावर दाखवली गेली. वाक्यं तीच होती. ‘मी ओढणी हातात घेतली’ या वाक्याला वृषालीच्या मेंदूतले हात पेटले, वास पेटला, भीती पेटली, केदारच्या मेंदूत सगळं पेटलं होतं त्याच क्रमानं. ‘कर्ता’. दालनात कुजबुज झाली. कुरणेबाई उठून एवढंच म्हणाल्या, “मॅडम, एका बाईचा खून दोन माणसांनी, एकट्यानं, एकाच दुपारी केलाय. दोघांनाही फाशी द्यायची, की यंत्राला?”

निकाल लागला. या प्रकरणातला अनुभवलेख चाचणीचा कोणताही निष्कर्ष, कोणाही व्यक्तीबाबत, ग्राह्य धरता येणार नाही, असं न्यायाधीशबाईंनी वाचून दाखवलं. दुसरा पुरावा नव्हताच. संशयाचा फायदा देऊन केदारची सुटका झाली. कुरणेबाईंनी आवारात पेढे वाटले. वृषालीनंही एक तोंडात टाकला आणि पाणी पिऊन कसाबसा गिळला.

मयूरीच्या गळ्यातलं मंगळसूत्र कोणी नेलं, हे शोधायला एव्हाना फार उशीर झाला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी असं म्हणतात. इथं संन्यासीही सुटला होता, त्यामुळे सगळ्यांना न्याय झाल्यासारखं वाटलं.

केदार वृषालीकडे राहायला आला. ओवी पळत आली, तर तो भिंतीला टेकला आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागे धरले.

“बाबा, उचल की.”

“नको पिल्ला. बाबाचे हात दुखतात.”

त्याचे हात महिनाभर दुखत राहिले. तो ओवीला शिवत नसे, तिच्या ताटाला हात लावत नसे. झोप उडालेली होती. एका सकाळी वृषाली गच्चीवर गेली तर तो कठड्यावर चढून बसला होता, पाय बाहेर सोडून. तिनं त्याच्या शर्टाची कॉलर धरून त्याला मागं ओढलं. दोघं फरशीवर पडले.

“कोर्टानं सोडलंय तुला,” ती ओरडली.

“कोर्टानं सोडलंय, अक्का. मयूरीनं कुठं सोडलंय?” तो निपचित पडून म्हणाला. “आणि कोर्ट तरी काय म्हणालं? संशयाचा फायदा. म्हणजे संशय आहेच की.”

“तू माझ्याकडं होतास. मी पाहिलंय तुला.”

“तू बहीण आहेस. तू असंच म्हणणार.”

वृषालीचं स्वतःचं काय चाललंय हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. गाडी शिकवताना शेजारी बसलेल्या मुलीच्या गळ्यात ओढणी असली, की तिची बोटं आपोआप आवळायची. क्लच सोड, गिअर टाक, असं सांगता सांगता तिचा आवाज तुटायचा. ती शिकाऊ मुलींना ओढणी घरी ठेवून यायला सांगू लागली. मुली समजल्या, चाकात अडकू नये म्हणून सांगत असतील. तिला स्वतःची भीती वाटत होती, खरीखुरी भीती, आणि ती कोणाला सांगण्याची सोय नव्हती. भाऊ वाचावा म्हणून तिनं हे घेतलं होतं आणि भाऊ तर कठड्यावर जाऊन बसत होता.

त्या प्रकारानंतर तिच्या डोक्यात आलं, की ज्या युक्तीनं खोटं आत गेलं, त्याच युक्तीनं खरं का जाऊ नये? ती डॉ. इनामदारांना भेटली.

“होऊ शकेल,” ते म्हणाले. “तीच जागा, तेच जेवण, तसंच झोपणं. रोज करा. पण जे झालं होतं तेवढंच करा. जास्तीचं काही त्यात मिसळू देऊ नका. एकदा आत गेलं की गेलं.”

वृषालीनं कंबर कसली. रोज दुपारी ती ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी करायची. केदारला त्याच खुर्चीवर बसवायची, भाजी परत वाढायची. मग त्यानं दिवाणावर पडायचं, वर पंखा, आणि तिनं उशाशी बसून मटार सोलायचे. मटारचा हंगाम सरला तेव्हा ती भुईमुगाच्या शेंगा फोडू लागली. “हे बघ, तू असा भिंतीकडं कुशीवर झोपलतास. मी इथं होते. भाजीला मीठ कमी आहे म्हणालास,” असं ती घोकून घ्यायची. आरंभी तो कंटाळून, तिची कीव करत, गुमान पडून राहायचा. पुढं त्याला खरंच झोप लागू लागली.

एवढं सगळं ती जिवापाड सांभाळत होती, पण ओवीची शाळा दुपारी सुटायची आणि मयूरीमागं लावलेल्या रिक्षावाल्यानं यायचं बंद केलं होतं. खुनी बापाची पोरगी नको, असं इतर आयांनी त्याला सांगितलं म्हणे. मग केदारचा डोळा लागला, की वृषाली हलकेच उठायची, कठड्याची भीती मनात असल्यामुळे दाराला बाहेरून कडी लावायची आणि ओवीला आणायला जायची. अर्ध्या तासात परत. आली की केदार जागा झालेला असायचा, छताकडे बघत पडलेला. यात काही चुकतंय असं तिच्या मनातही आलं नाही. पोरीला शाळेच्या फाटकात ताटकळत कसं ठेवणार?

आणि गुण येऊ लागला. एके दिवशी केदार घास हातात धरून थांबला. “अक्का, भाजीत मीठ कमी होतं त्या दिवशी.”

“कोणत्या दिवशी?” तिनं जीव मुठीत धरून विचारलं.

“मयूरी गेली त्या दिवशी. मी इथं होतो. भाकरी जरा करपलेली होती बघ कडेला.”

भाकरी करपल्याचं तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. करपली होती की नव्हती हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण तिला इतका आनंद झाला की तिनं ओट्याकडे तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. त्या आठवड्यात केदारनं ओवीची वेणी घातली. वाकडीतिकडी घातली, आणि ओवी ती शाळेत मिरवत गेली. त्या सकाळी आपण केलं ते सगळं वसूल झालं, असं वृषालीला वाटलं. इतकं सुख तिला लग्नातही झालं नव्हतं.

केदार कामावर जाऊ लागला. जेवू लागला, झोपू लागला, ओवीला खांद्यावर घेऊ लागला. फक्त बहिणीशी बोलणं कमी झालं. ती खोलीत आली की तो ओवीला जवळ घ्यायचा. सावरतोय, वेळ लागेल, असं वृषाली मनाशी म्हणायची.

एका रविवारी ती शिकवणी संपवून घरी आली, तर केदारची बॅग भरून दारात ठेवलेली होती. ओवी खाली रिक्षात बसली होती.

“बस जरा, अक्का,” तो म्हणाला. त्याचा आवाज स्वच्छ होता, पूर्वीसारखा. “मला आता सगळं आठवतंय. मी इथं जेवलो, इथं झोपलो.”

“मग? मी काय सांगत होते तुला?”

“उठलो तेव्हा तू घरात नव्हतीस.”

“होते की. इथंच बसलेले.”

“नव्हतीस. मी हाक मारली. दाराला बाहेरनं कडी होती.”

वृषालीला क्षणभर काही कळेना. मग कळलं. “अरे, ते आत्ताचं. ओवीला आणायला जायचे ना मी रोज? ते मिसळलंय त्यात.”

“तेव्हा ओवीला मयूरी आणायची. तू कशाला जाशील? त्या दिवशी मयूरी गेलीच नाही आणायला, म्हणून तर शाळेतनं फोन आला.” त्यानं हे सगळं पुष्कळ दिवस मनात जुळवलं असावं, कारण तो अडखळत नव्हता. “मला पोलिसांनी शिकवलं की ती दाराकडं तोंड करून होती. तुलाही तेच सांगत होते, कोर्टात चित्रफीत दाखवली तेव्हा मी ऐकलंय. तू म्हणालीस, खिडकीकडं. तुला खिडकी कोणी शिकवली?”

“कोणी नाही.”

“तेच म्हणतोय मी.”

“केदार, माझी चाचणी झालीय. आधीची. मी नुसती श्रोता होते.”

“टोपीचं काही खरं नाही. कोणाहीबद्दल खरं धरायचं नाही, असं जजबाईंनी वाचून दाखवलंय. तुझ्या वकीलबाईंनीच सिद्ध केलं ते.”

वृषालीनं डोळे मिटले. ती दुपार तिला हवी होती, फक्त ती एक दुपार. भाऊ घोरतोय, आपण उशाशी बसलोय, पंखा फिरतोय. तिनं जोर लावला, आणि तिच्या डोळ्यांपुढे मयूरीची पाठ आली, खिडकीच्या उजेडात, वेणी पुढे घेतलेली. तिनं पुन्हा जोर लावला. पुन्हा पाठच आली. केदार झोपला असताना आपण खरंच घरात होतो का, हे तिला आता छातीवर हात ठेवून सांगता येईना. आपण होतो, ही गोष्ट तिला नुसती ऐकल्यासारखी माहीत होती.

तरीही ती भांडू शकली असती. डॉ. इनामदारांना बोलावून, त्याच्या डोक्यात कडी कुठून आली हे पायरी पायरीनं दाखवता आलं असतं. मग केदारनं विचारलं असतं, कडी खोटी तर भाकरी खरी कशावरून? आणि त्याचं ते जेवण, ती झोप, सगळं एका झटक्यात निसटलं असतं आणि हाती उरली असती फक्त ओढणी. तिला गच्चीचा कठडा दिसला. तिनं तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

केदारनं वाकून तिच्या पायाला हात लावला. “मी पोलिसांत जाणार नाही. मला सोडवायला तू स्वतःला टोपीखाली घातलंस. का घातलंस तेही मला कळतंय आता, तुझं मनच तुला खात असणार. मी तुला माफ केलंय, अक्का. पण पोरीला इथं ठेवता येणार नाही.”

“तिला काय सांगितलंस?” वृषालीनं विचारलं.

“खरं तेच सांगितलं.”

खाली रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला. केदार थांबला होता, ती काही म्हणेल म्हणून.

“बरं केलंस,” वृषाली म्हणाली.